रस्त्यावर कुठी?

त्या ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या पहिल्याच सकाळी, मी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तोच एका माणसाला दोघांनी आधार देत आत आणलं. पँट गुडघ्यापाशी फाटलेली, आतून रक्त. ड्रेसिंगच्या खोलीतून एक उंच, वाळका, पन्नाशी ओलांडलेला माणूस बाहेर आला. त्यानं जखमीला टेबलावर बसवलं, कात्रीनं पँट कापली आणि विचारलं,

"कुठी?"

"इथीसा," म्हणत त्या माणसानं गुडघ्यावर बोट ठेवलं.

"गुडघा मले दिसून राह्यला. रस्त्यावर कुठी?"

"इंझोरीच्या अलीकडं जी. पुलापाशी."

"पुलाच्या आंधी का पुलाच्या नंतर?"

"आंधी."

"ऊन तोंडावर होतं का पाठीवर?"

जखमी माझ्याकडे पाहू लागला. बहुतेक मी काहीतरी बोलेन आणि याला थांबवीन अशी त्याची अपेक्षा असावी. पण प्रश्न चालू असताना त्या वाळक्या माणसाचे हात एक क्षणही थांबले नव्हते. जखम धुऊन झाली होती, कापूस दाबून धरला होता, सुई-दोरा ट्रेमध्ये तयार होता. मी टाके घातले. माझं काम संपलं तोवर त्याला रस्त्याची कड, वेळ, गाडीवर किती जण होते आणि मागच्यानं हातात काय धरलं होतं, एवढं सगळं कळलेलं होतं.

मी नाशिककडची. डॉक्टरकीचं शिक्षण संपवून एका वर्षाच्या बंधपत्रावर वाशिम जिल्ह्यात आले होते. मनात म्हटलं, हा ड्रेसर वेडा आहे आणि हे वर्ष जड जाणार आहे.

सगळे त्याला कुठीभाऊ म्हणत. शिपाई, नर्सबाई, पेशंट, झाडाखाली चहा विकणारा, सगळेच. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यानं स्वतःच मागं वळून पाहिलं असतं की दुसरं कोण आलं. मीही त्याचं नाव इथं लिहीत नाही.

ड्रेसिंगच्या खोलीत एका भिंतीवर काही टांगायची कुणाला परवानगी नव्हती. तिच्यावर त्यानं पेन्सिलीनं आसपासचे रस्ते काढले होते. मंगरुळपीरकडे जाणारा, मानोऱ्याकडे जाणारा, मधले फाटे, पूल, शाळा, वळणं. जखम घेऊन कुणी आलं की त्या जागी कापसाच्या बोळ्यानं बीटाडीनचा तपकिरी ठिपका पडे. हाड मोडलं तर जांभळ्या औषधाचा. जीव गेला तर तो ठिपका लावत नसे. छोटा खिळा ठोके. एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले, भिंत पाहून म्हणाले, "हे काय घाण करून ठेवलंय? रंग मारून घ्या." कुठीभाऊ अदबीनं म्हणाला, "मारतो जी. पन आंधी एकदा खिळ्यांवरून हात फिरवून पाहा. तुमी ज्या रस्त्यानं आले, त्याच्यावर किती लागतात ते." साहेबांनी हात फिरवला नाही. रंगाचं पुन्हा काढलंही नाही.

'अपघात झाला' हे शब्द त्याला चालत नसत. पेशंटच्या नातेवाइकानं म्हटलं, "काय करता भाऊ, नशिबात होतं," की तो हातातलं बँडेज तसंच धरून उभा राही.

"नशीब रोज संध्याकाळी पाच वाजता त्याच वळनावर काहून बसते मंग? त्याले दुसरा धंदा नाई काय?"

आणि तो बरोबर असायचा. जखमेवरून तो अपघात वाचायचा. बाईच्या डोक्याला मागच्या बाजूला टेंगूळ असलं की म्हणायचा, "गाडीवर मांगं एका अंगानं बसेल होती, हातात पोरगं होतं, गतिरोधकावर उसळली." बाई म्हणायची, "तुमाले कोनं सांगितलं?" रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं की चार दिवसांत कोपरं खरचटलेली माणसं येणार, हे तो आधी सांगून ठेवायचा आणि मी मुकाट्यानं ड्रेसिंगचं सामान जास्त मागवायची. नवीन गुळगुळीत रस्ता झाला तेव्हा गावानं पेढे वाटले. यानं पेढा खाल्ला आणि मला म्हणाला, "मॅडम, खड्डे होते तवा हातपाय मोडत होते. आता डोस्कं फुटनारे पेशंट येतीन. टाक्याचा दोरा राहू द्या, अकोल्याले न्यायची गाडी तयार ठेवा." तसंच झालं.

स्वतः तो सायकलवर यायचा. पायी चालला तर नेहमी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. "जो मले धडकन, त्याचं थोबाड तरी मले पाह्यलं पाह्यजे," असं त्याचं म्हणणं. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत तो रजा टाकायचा आणि देवाला न जाता जीपच्या थांब्यावर उभा राहायचा. जीपच्या टपावर चढणाऱ्याला खाली उतरवायचा. लोक शिव्या द्यायचे. तो म्हणायचा, "दे बाप्पा, शिव्या दे. शिवीनं रगत निंगत नाई."

लग्नाला गेला की तो एकच आहेर द्यायचा. दोन हेल्मेट. एक नवरदेवाला, एक नवरीला, चकचकीत कागदात गुंडाळून. मांडवात हशा पिकायचा. पुढं ती हेल्मेटं कुठं जातात हे पाहायला तो सहा महिन्यांनी त्या घरी जायचा. एका घरी मी त्याच्यासोबत होते, आसेगावकडे लसीकरणाला गेलो होतो तेव्हा. अंगणात नवरदेवाच्या हेल्मेटात कांदे होते. नवरीच्या हेल्मेटात कोंबडी अंड्यांवर बसली होती. घरचे ओशाळले. मला वाटलं, आता हा भडकणार. तो उकिडवा बसला, कोंबडीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि नवरदेवाला म्हणाला,

"तुह्यापेक्षा हिले समजते रे. फुटनारी वस्तू कुठी ठेवा लागते ते."

मुलगा हसला. पण पुढच्या आठवड्यात तो रुग्णालयात आईचं औषध न्यायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. कांद्याची दोन-तीन टरफलं अजून आत चिकटलेली होती.

माझंही त्यानं एकदा ऐकून घेतलं नाही. एका माणसाला दारूचा वास येत होता, डोळ्यावर खोक पडली होती. मी कागदावर लिहायला लागले, मद्यपान करून वाहन चालवलं. कुठीभाऊ कानाशी येऊन म्हणाला, "थांबा मॅडम. वास तोंडाले हाये का सदऱ्याले?" मी वाकून पाहिलं. वास सदऱ्याचा होता. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, गाडी पडली, आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी जखम धुवायची म्हणून आपल्या बाटलीतली दारू त्याच्यावर ओतली होती. मी लिहिलेलं खोडलं. तो म्हणाला, "दारू लिहलं का आपली सुट्टी होते. मंग रोही कोनाले दिसत नाई." पण दोन दिवसांनी एका बड्या घरचा मुलगा खरोखरच पिऊन आला, आणि त्याचे काका 'तेवढं लिहू नका' म्हणत माझ्या टेबलाशी उभे राहिले, तेव्हा हाच माणूस माझ्यामागं उभा राहून म्हणाला, "लिहा मॅडम. दोन्ही खरं लिहलं तरच एक खरं राह्यते."

एवढं सगळं पाहून मी, आणि तिथं येणारा प्रत्येक नवा माणूस, मनाशी एक गोष्ट रचायचो. याचं कुणीतरी गेलं असणार. मुलगा, नाहीतर भाऊ. मी एकदा नर्सबाईंना हळूच विचारलं. त्यांनाही तसंच वाटत होतं, पण नक्की माहीत नव्हतं. शेवटी एका दुपारी ओपीडी रिकामी असताना मीच विचारलं.

तो गॉजच्या घड्या घालत होता. थांबला आणि मोठ्यानं हसला.

"कोनी मेलंच पाह्यजे काय मॅडम? माही बायको हाये, दोन पोरी हायेत, बुढी माय हाये. सगळे धडधाकट हायेत. म्हनूनच तर करून राह्यलो. मेल्यावर करनारे लय असतात."

मी त्या दिवसापासून त्याला वेडा म्हणणं सोडलं.

हिवाळा संपत आला तेव्हा भिंतीवर एक जागा गडद होऊ लागली. मोठ्या रस्त्याला शेतांतून येणारी एक पांदण मिळते, तो फाटा. पूर्वी तिथं एकही ठिपका नव्हता. आता तपकिरी, तपकिरी, जांभळा. कुठीभाऊ भिंतीपुढं उभा राहून डोकं खाजवायचा.

"सगळ्यायचा उजवा पाय," तो म्हणाला. "सगळे पांदणीतून रस्त्यावर येनारे. अन् सगळे गाडीवाले. पायी चालनारा एक नाई. काहून?"

एका रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून तिथं गेलो. त्यानं मला पांदणीत आत नेऊन सांगितलं, "आता रोजच्यासारख्या या. मी हात वर केला का थांबजा." मी निघाले. पांदणीच्या तोंडाशी उजव्या हाताला बांबूंवर ताणलेला एक भला मोठा फ्लेक्स होता. जमिनीपासून वर दहा-बारा फूट. तालुक्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता. हात जोडून हसणारा तो चेहरा मला दिसत होता, रस्ता दिसत नव्हता. कुठीभाऊनं हात वर केला. मी ब्रेक दाबला. पुढचं चाक डांबरावर टेकलं होतं आणि त्याच्यापुढून एक ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यानं माझी ओढणी हलली.

"समजलं?" तो धावत येऊन म्हणाला. "पायी चालनारा मान काढून पाह्यते. गाडीवाल्याचं चाक आंधी जाते, डोये मांगून येतात."

त्यानं अर्ज लिहिले. सुवाच्य अक्षरात, रस्त्याच्या चित्रासह. एका कार्यालयानं सांगितलं रस्ता आमच्याकडे नाही, दुसऱ्यानं सांगितलं फ्लेक्स आमच्याकडे नाही. तो पुन्हा लिहायचा. तीन आठवडे असे गेले.

मग एका सकाळी त्या फाट्यावरून एक तरुणी आली. भावाच्या गाडीवर मागं बसून कॉलेजला निघाली होती. भावाला खरचटलं होतं. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता. आम्ही रक्त थांबवलं, पाय बांधला, अकोल्याला पाठवलं. पाय वाचला नाही.

ती परत आल्यावर ड्रेसिंगला एक दिवसाआड आमच्याकडे यायची. कुठीभाऊ तिला मात्र 'कुठी' विचारत नव्हता. एके दिवशी तीच म्हणाली,

"भाऊ, मले सारे म्हनतात, तुमाले त्या जाग्याचं पहिलेच मालूम होतं."

"होतं," तो म्हणाला.

"मंग?"

तो पट्टी गुंडाळत राहिला. टोक चिकटवलं आणि म्हणाला, "मी अर्ज लिहत बसलो बाई. माहं चुकलं."

तिचा भाऊ तिच्या कुबड्या घेऊन दारात उभा होता, त्यानं त्या तिच्या हातात दिल्या. ते दोघं गेल्यावर कुठीभाऊनं हात धुतले, प्लास्टर कापायची मोठी कात्री रुमालात गुंडाळली, माझ्यापुढं अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद ठेवला आणि सायकल काढली. मी कशाला ते विचारलं नाही. सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रुग्णालयाच्या आवारात दोन गाड्या येऊन थांबल्या. दहा-पंधरा जण उतरले. मागून तो चेहरा, जो मी फ्लेक्सवर पाहिला होता, पण आता हसत नव्हता. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत होते. एका कार्यकर्त्यानं मला विचारलं, "कुठाय तो ड्रेसर?" मी उठून ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभी राहिले. अडवायला उभी राहिले असं आज म्हणता येईल, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नव्हतं.

कुठीभाऊ मागून आला आणि मला हलकेच बाजूला करून पुढं झाला.

"मी हाये जी."

"माझा फोटो तू फाडला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"फाडला नाई जी. कडेकडेनं कापला. तोंडाले कुठी धक्का नाई लावला. घडी करून कपाटात ठेवला हाये, देऊ काय?"

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. "नोकरी घालवायची आहे का तुला? तक्रार गेली आहे वर."

"गेली त गेली. सस्पेंड करजा मले. पन त्याच्या आंधी अर्धा घंटा माह्यासंग या. लोकायसमोर सांगतो, मी चुकलो असन त तिथंच तुमचे पाय धरतो."

लोकांसमोर बोलला म्हणूनच ते आले असावेत. आवारात पेशंट जमले होते, बाया होत्या, चहावालाही किटली घेऊन उभा होता. नाही म्हणणं अवघड होतं.

फाट्यावर पोचल्यावर कुठीभाऊनं फ्लेक्स उलगडला. भाऊसाहेबांच्याच माणसांना म्हणाला, "धरा याले. होता तसा." चौघांनी बांबूंना टेकवून तो ताणून धरला. मग त्यानं माझी स्कूटर पांदणीत नेली आणि भाऊसाहेबांना म्हणाला, "बसा."

"मी?"

"लय वर्षं झाले असतीन चालवून. हळू या. मी 'थांबा' म्हनलो का थांबजा. तेवढं एक माहं ऐका."

पांढऱ्या कपड्यांतला तो अवजड माणूस स्कूटरवर बसला. मी रस्त्याच्या पलीकडून पाहत होते. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. उजव्या बाजूला तो येत होता, मान पुढं काढून, स्वतःच्याच फोटोकडे पाहत. डाव्या बाजूनं एसटी येत होती, भरधाव. कुठीभाऊ बरोबर मध्ये, फ्लेक्सच्या कडेला, एक हात वर करून उभा होता.

"थांबा!"

स्कूटर थांबली. पाय जमिनीवर फरफटले. एसटी हॉर्न वाजवत पुढच्या चाकापासून चार हातांवरून निघून गेली. फ्लेक्स धरलेल्या चौघांच्या हातांत तो वाऱ्यानं फडफडला.

भाऊसाहेब तसेच बसून राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी विचारलं, "एसटी कुठं होती?"

"तुमच्या मांगं होती जी," कुठीभाऊ फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. पेशंटला सांगावं तसं सांगितलं.

"ती पाय गेलेली पोरगी कोणाची?"

त्यानं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. भाऊसाहेबांनी स्कूटर उभी केली, माणसांना म्हणाले, "गुंडाळा ते," आणि गाडीत जाऊन बसले. पाय धरायला कुणी सांगितलं नाही.

ते काही रातोरात साधू झाले नाहीत. पंधरा दिवसांत तोच चेहरा गावातल्या चौकात, आणखी मोठ्या मापात, झळकला. पण त्या पांदणीच्या तोंडाशी बांबू राहिले नाहीत, आणि कुणीतरी तिथली झुडपंही तोडून दिली. मुलीच्या घरीही ते जाऊन आले, असं ऐकलं. तिनं त्यांना पाणी दिलं नाही, असंही ऐकलं.

तक्रार मात्र वर गेलेली होती, ती परत येणार नव्हती. कुठीभाऊला नोटीस आली. कार्यालयीन वेळेत खासगी मालमत्तेची नासधूस केली, खुलासा करा. त्यानं खुलासा लिहून माझ्यापुढं ठेवला. एकच ओळ होती. "होय, कापला, पुन्हा लागल्यास पुन्हा कापीन." मी म्हटलं, "भाऊ, थोडं नरम लिहा." तो म्हणाला, "नरम तीन आठवडे लिहलं मॅडम."

मी त्याच्या ओळीखाली माझा अभिप्राय लिहिला. सदर कर्मचाऱ्याची रजा मी मंजूर केली होती, फाट्याची पाहणी मी स्वतः केली आहे आणि त्याचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. त्या वर्षात मी लिहिलेल्या कागदांपैकी तो एक मला अजून शब्दशः पाठ आहे. पुढं एक लेखी ताकीद आली. त्यानं ती वाचली, घडी घातली आणि विचारलं, "मॅडम, आज प्लास्टर किती हायेत?"

माझं वर्ष संपायच्या आदल्या आठवड्यात, एका दुपारी, तो मला म्हणाला, "चला, फाट्यावर जाऊन येऊ." दीड-दोन महिन्यांत तिथून एकही पेशंट आला नव्हता. त्यानं याची खात्री नीट करून घेतली होती. लोक दुसऱ्या दवाखान्यात जात असतील म्हणून आसपासच्या डॉक्टरांकडेही विचारून आला होता.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली उभे राहिलो. ऊन तापलं होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं. मला थोडं हसूही येत होतं, इतक्या लांब येऊन आम्ही रिकाम्या रस्त्याकडे पाहत होतो.

मग पांदणीतून एक मोटारसायकल आली. चालवणारा तिशीचा, मागं बायको, तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ, पाठीमागं बांधलेली भाजीची बादली. डांबराच्या कडेला येऊन त्यानं गाडी थांबवली. उजवीकडे पाहिलं. एक टँकर धडधडत येत होता. तो गेला. धूळ बसेपर्यंत बाईनं बाळाच्या तोंडावर पदर धरला. मग ते निघाले, रस्ता ओलांडून आमच्या समोरूनच गेले. बाईनं आमच्याकडे एक नजर टाकली, कोण हे उन्हात उभे आहेत अशी, आणि तोंड फिरवलं.

कुठीभाऊ ती गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत होता.

"हे आपले पेशंट मॅडम," तो म्हणाला.

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"नाई बा. कसे वयखीन? आपल्याकडं आलेच नाईत ना ते."